जांघेतली गाठ, बायोप्सी आणि ‘साधी पण दुर्मीळ’ असा रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की आपल्याकडे पहिल्यांदा त्याचा फोटो निघतो. तो भाच्याला जातो, मेडिकलवाल्याला जातो, आणि फिरत फिरत आमच्यासारख्या पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरकडे येतो. खालचे प्रश्न अशा फोटोंसोबत आलेले आहेत, बहुतेक यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यातून. विषय एकच: लसिका ग्रंथीत क्वचित होणाऱ्या, कॅन्सर नसलेल्या गाठी ओळखायच्या कशा. उत्तरे वाचून स्वतःचे निदान करू नका. डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, एवढे मात्र त्यातून नक्की कळेल.

१. लसिका ग्रंथी म्हणजे काय? ती तर सगळ्यांनाच असते म्हणतात.

असतेच. अंगात अशा सुमारे सहाशे ग्रंथी असतात. मान, काख आणि जांघ इथल्या हाताला लागतात, बाकीच्या छाती-पोटात खोल असतात. जंतू, काट्याची घाण, कॅन्सरच्या पेशी असे जे काही त्या भागातून वाहत येते, ते तिथे अडवले जाते आणि मग ग्रंथी फुगते. मानेत साधारण एक सेंटीमीटरच्या आणि जांघेत दीड सेंटीमीटरच्या पुढे गेली की ती वाढली असे धरतात. अनवाणी शेतात वावरणाऱ्या माणसाच्या जांघेत मात्र हरभऱ्याएवढ्या दोन-चार ग्रंथी कायमच लागतात. त्यांची धास्ती घेऊ नका.

२. पायात काटा गेला तेव्हा अवधाण आलं होतं. काटा निघाला, जखम भरली, पण गाठ तशीच आहे. किती दिवस वाट पाहावी?

अवधाण, म्हणजे जखमेमुळे सुजलेली ग्रंथी, दुखते, दोन-चार दिवसांत वाढते आणि जखम बरी झाली की दोन-तीन आठवड्यांत उतरते. गाठ चार ते सहा आठवड्यांनंतरही तेवढीच असेल, दुखत नसेल आणि हळूहळू वाढत असेल तर दाखवा. न दुखणाऱ्या गाठीकडेच लोक जास्त दुर्लक्ष करतात, आणि या पानावरच्या जवळजवळ सगळ्या गाठी न दुखणाऱ्याच आहेत. ताप, वजन उतरणे, रात्री घामाने अंथरूण भिजणे, दगडासारखी कडक गाठ, किंवा एकाच वेळी अनेक ठिकाणी गाठी असतील तर सहा आठवडेही थांबू नका.

३. आपल्या भागात गाठीमागे बहुतेक वेळा काय निघते?

दुर्मीळ काही निघत नाही. मानेत सर्वात आधी टीबी आठवावा, ज्याला जुनी माणसे गंडमाळ म्हणत. त्यानंतर तोंडाचा कॅन्सर. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्या माणसाच्या जबड्याखाली कडक गाठ आली तर आधी तोंडात बॅटरी मारून पाहायचे, मग गाठीकडे वळायचे. अशा वेळी मानेची गाठ एकदम कापून काढत नाहीत, आधी सुईची तपासणी करतात.

जांघेत पायाच्या जखमा आणि फोड, गुप्तांगाचे आजार आणि हत्तीरोग. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे हत्तीरोगाच्या पट्ट्यातले. त्याचे जंतू रक्तात रात्री उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री येऊन बोटातून रक्त घेतात. त्यांना परत पाठवू नका. कधी कधी हे जंतू गाठीत घातलेल्या सुईतही सापडतात. लिम्फोमा म्हणजे ग्रंथीचाच कॅन्सर आणि दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, हे दोन मानेत काय नि जांघेत काय, कायम डोक्यात ठेवावे लागतात.

हे सगळे नाही असे ठरल्याशिवाय कोणतीही गाठ ‘दुर्मीळ आणि साधी’ म्हणता येत नाही. हे निदान सुरुवातीलाच कोणी केले असेल तर मला शंका येते.

४. मग या दुर्मीळ साध्या गाठी आहेत तरी कोणत्या?

ग्रंथी मुळात रोगप्रतिकारक पेशींची असते, पण तिच्या आत रक्तवाहिन्या, स्नायूंसारख्या पेशी, चरबी, तंतू हेही असते. त्यातूनही गाठी होतात.

सर्वात वैशिष्ट्यपूर्ण म्हणजे पॅलिसेडेड मायोफायब्रोब्लास्टोमा, स्नायूंसारख्या लांबट पेशींची गाठ. १९८९ मध्ये वेगवेगळ्या गटांनी ती जवळजवळ एकाच वेळी वर्णन केली, म्हणून तिला ‘इंट्रानोडल हेमोरॅजिक स्पिंडल सेल ट्यूमर’ असे दुसरे लांबलचक नावही आहे. रिपोर्टवर दोन्ही दिसली तरी गाठ एकच. ती बहुतेक जांघेत, मध्यमवयीन माणसांत आणि बायांपेक्षा पुरुषांत जास्त आढळते.

दुसरी अँजिओमायोमॅटस हॅमार्टोमा, १९९२ मध्ये वर्णन झालेली. तीही बहुधा जांघेतच. इथे ग्रंथीच्या देठाकडून जाड भिंतीच्या रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी आत शिरत शिरत ग्रंथीची जागा घेतात. काहींच्या त्याच पायाला सूजही असते. आपल्याकडे अशा पायावर लगेच हत्तीरोगाचा शिक्का बसतो.

याशिवाय ग्रंथीतला हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) आणि लिम्फँजिओमा (लसिकावाहिन्यांची गाठ), वयानुसार ग्रंथीत चरबी भरणे, आणि शिरा अडल्यामुळे ग्रंथीच्या पोकळ्यांचे बारीक रक्तवाहिन्यांत रूपांतर होणे. हे शेवटचे तर ट्यूमरही नव्हे, पण सूक्ष्मदर्शकाखाली भल्याभल्यांना चकवते. इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमरबद्दल प्रश्न १२ पाहा.

५. सोनोग्राफीत सगळं कळत नाही का?

अर्धे कळते. गाठ ग्रंथीच आहे की अंतर्गळ (हर्निया), फुगलेली शीर किंवा खाली न उतरलेला अंडकोश आहे, हे तिथे कळते, आणि जांघेत सुई घालण्याआधी हे कळणे अत्यावश्यक आहे. अंतर्गळात सुई गेली तर आतड्यात जाऊ शकते. ग्रंथी लांबट असेल आणि मधली चरबीची रेघ शाबूत असेल तर बहुधा ती नुसती सुजलेली. गोल होऊन ती रेघ पुसली गेली असेल तर पुढे जायचे. गाठीचे नाव मात्र सोनोग्राफी सांगत नाही, सीटी-एमआरआयही सांगत नाही.

६. सुईच्या तपासणीत नुसतं रक्तच आलं म्हणते. परत सुई टोचाले लावली. काहून?

कारण रक्ताचे दोन अर्थ होतात. एक, सुई नेमकी लागली नाही. दोन, गाठच रक्ताळलेली आहे. प्रश्न ४ मधल्या बहुतेक गाठींत रक्तवाहिन्या किंवा रक्तस्राव भरपूर असतो, त्यामुळे काचेवर (स्लाइडवर) रक्त आणि त्यात दोन-चार लांबुळक्या पेशी एवढेच येते. दुसऱ्यांदा सोनोग्राफीत पाहून सुई घातली तर पहिला अर्थ निकालात निघतो.

टीबी आणि पसरलेला कॅन्सर यांसाठी सुई उत्तम, स्वस्त आणि झटपट. त्याच सुईच्या नमुन्यावर टीबीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीही करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. पण या दुर्मीळ गाठींचे निदान पेशी एकमेकींशेजारी कशा रचलेल्या आहेत यावर ठरते, आणि सुईत ती रचना मोडते. म्हणून दोनदा सुई होऊनही ‘स्पिंडल सेल’ एवढेच येत असेल तर तिसऱ्यांदा सुई टोचण्यात अर्थ नाही, गाठ काढावी.

७. डाक्टर म्हणते गाठ साधी वाटते. साधी आहे त मंग कापाले काहून लावते?

‘वाटते’ या शब्दासाठी. साधी आहे हे गाठ हातात आल्यावरच सिद्ध होते. शिवाय या बहुतेक गाठींत तपासणी आणि उपचार ही एकच शस्त्रक्रिया असते. पूर्ण गाठ निघाली की बहुधा पुढे गोळ्या नाहीत, केमो नाही, शेक (रेडिएशन) नाही.

८. नुसता तुकडा काढून भागणार नाही का?

जांघेतल्या वरवरच्या गाठीत सहसा पूर्ण ग्रंथी आवरणासकट काढतात, आणि त्याचा फायदा मोठा आहे. पॅलिसेडेड मायोफायब्रोब्लास्टोमा मधोमध कापली तर आत घट्ट करडा-पांढरा भाग दिसतो, त्यात जांभळट-लाल रक्ताचे डाग, आणि अगदी कडेला मूळ ग्रंथीची पातळ तपकिरी पट्टी. ती कडेची पट्टी सापडली तरच गाठ ग्रंथीच्या आत झाली असे छातीठोकपणे म्हणता येते. मधलाच तुकडा आला तर ही जांघेच्या मांसातली दुसरीच एखादी गाठ आहे का, हा वाद मिटत नाही. आवरणाचेही तसेच. प्रश्न ४ मधल्या शिरा अडल्याने होणाऱ्या बदलात आवरण सुटलेले असते, कापोसी सार्कोमात (रक्तवाहिन्यांच्या एका कॅन्सरमध्ये) तेच आधी धरले जाते.

खोल, पोटातल्या किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेल्या गाठीत जाड सुईने तुकडा घेणेच शहाणपणाचे. तो निर्णय सर्जनचा.

९. काढलेली गाठ आम्हालाच बाटलीत देऊन लॅबला पाठवलं. काही काळजी घ्यायची असते का?

ही काळजी फार मोलाची आहे, कारण चांगली निदाने इथेच वाया जातात.

बाटलीत फॉर्मलिन असावे, १० टक्क्यांचे, आणि गाठीच्या किमान दहापट. तळाशी चमचाभर फॉर्मलिन आणि वर कोरडी गाठ, असे चालत नाही. फॉर्मलिन गाठीत फार हळू, तासाला साधारण एक मिलिमीटर, मुरते. उन्हाळ्यात तेवढ्या वेळात मधला भाग सडतो. म्हणून मोठी गाठ सर्जनने मधून उभी कापून मग टाकावी. नुसते सलाईन किंवा स्पिरिट फॉर्मलिनच्या जागी चालत नाही. बाटलीचे तोंड रुंद असावे. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत कोंबलेली मऊ गाठ फॉर्मलिनमध्ये कडक होते आणि मग बाटली फोडून काढावी लागते.

आता उलटी बाजू. टीबीची कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) किंवा सीबीनॅट करायची असेल तर गाठीचा छोटा भाग वेगळ्या, निर्जंतुक डबीत सलाईनमध्ये द्यावा लागतो. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर वाढत नाही. ऑपरेशनच्या आधीच विचारा: “डॉक्टर, दोन बाटल्या लागतील का?” टेबलावर सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये गेल्यावर ही संधी परत येत नाही.

बाटलीवर नाव, वय, बाजू (उजवी की डावी जांघ) आणि तारीख. सोबतच्या कागदावर शक्य तेवढी माहिती: किती महिन्यांची गाठ, आधी कुठला कॅन्सर किंवा टीबी झाला का, कुठली औषधे चालू आहेत. नुसते ‘गाठ, जांघ’ असे लिहिलेला कागद आला की आम्ही अर्धे आंधळे होऊन काच पाहतो.

१०. रिपोर्टवर ‘स्पिंडल सेल लिजन, अॅडव्हाइस आयएचसी’ लिहिलं आहे. कॅन्सर आहे का?

अजून ठरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्पिंडल सेल म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, चरख्यावरच्या चातीसारख्या पेशी. साध्या गाठीतही असतात, घातक गाठीतही.

पॅलिसेडेड मायोफायब्रोब्लास्टोमात या पेशींची केंद्रे ठिकठिकाणी ओळीने उभी दिसतात, मधे मधे ताजा-जुना रक्तस्राव असतो, आणि गुलाबी तंतूंचे ताऱ्यासारखे पुंजके दिसतात, त्यांच्या मधोमध पुष्कळदा एक बारीक रक्तवाहिनी. हे पुंजके स्पष्ट असतील तर अनुभवी डोळा साध्या रंगातच ओळखतो. नसतील तर मात्र मज्जातंतूची गाठ म्हणजे श्वानोमा, स्पिंडल पेशींचा मेलानोमा (कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर), कापोसी, स्नायूंचा पसरलेला सार्कोमा म्हणजे कॅन्सर, ग्रंथीतल्याच एका पेशीचा फॉलिक्युलर डेंड्रिटिक सेल सार्कोमा, सगळे रांगेत उभे राहतात.

आयएचसी म्हणजे त्याच गाठीच्या पातळ कापांवर वेगवेगळे रंग चढवून पेशी कोणते प्रथिन बनवतात ते पाहणे. नवीन ऑपरेशन लागत नाही. मायोफायब्रोब्लास्टोमात एसएमए या प्रथिनाचा रंग पॉझिटिव्ह, एस-१०० आणि डेस्मिन यांचा निगेटिव्ह येतो, आणि बीटा-कॅटेनिन पेशीच्या केंद्रकात साठलेले दिसते. ते साठण्यामागे सीटीएनएनबी१ या जनुकातला बदल असतो. श्वानोमात एस-१०० ठळक येते. मेलानोमात एस-१०० आणि सॉक्स-१०, शिवाय पुष्कळदा एचएमबी-४५. कापोसीत एचएचव्ही-८ या विषाणूचा रंग.

एकाच रंगावर भरवसा ठेवू नये. एसएमए हा मोठा उदार रंग आहे, अर्ध्या गावाला पॉझिटिव्ह येतो.

११. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी परत बोलावून तळपाय पाहिले, गुप्तांग पाहिले, वर एचआयव्हीची तपासणी सांगितली. आमच्यावर संशय आहे का?

नाही हो. जांघेतली ग्रंथी पायाच्या बोटांपासून गुदद्वारापर्यंतचे सगळे गाळते, म्हणून तो सगळा भाग पाहिल्याशिवाय ‘ही गाठ इथेच झाली’ म्हणता येत नाही. आपल्याकडे मेलानोमा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली होतो. शेतकऱ्याच्या तळव्याला भेगा असतात, भेगांत काळी माती मुरलेली असते, त्यात काळा डाग कोणाला दिसणार? म्हणून पाय कोमट पाण्यात भिजवून, घासून, उजेडात पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. जायच्या आधी घरीच पाय स्वच्छ करून जा.

एचआयव्हीची तपासणी दोन कारणांनी. एक म्हणजे कापोसी, तो एचआयव्हीत होतो. दुसरे म्हणजे प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या ग्रंथीत टीबीच्या कुळातल्या जंतूंनी गच्च भरलेल्या पेशी लांबुळक्या होऊन हुबेहूब ट्यूमरसारख्या दिसतात. झेड-एन हा टीबीचे जंतू दाखवणारा रंग चढवला की लाल काड्यांचा खच दिसतो आणि ‘ट्यूमर’ औषधांनी बरा होणारा संसर्ग निघतो.

१२. ताप आहे, रक्त कमी आहे, ईएसआर वाढलेला आहे, आणि रिपोर्टमध्ये ‘इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमर’. हा टीबीच ना?

लक्षणे तशीच असतात, म्हणून गोंधळ होतो. स्यूडोट्यूमर म्हणजे सूज आणि तंतू मिळून झालेली खोटी गाठ. ताप, अशक्तपणा, वाढलेला ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) सगळे असते, आणि गाठ काढल्यावर पुष्कळांचा ताप आपोआप उतरतो. पण हे नाव देण्याआधी टीबी, सिफिलिस आणि लिम्फोमा वगळलेले असावेत. रिपोर्टवर झेड-एन रंगाचा उल्लेख नसेल तर तो करून घ्यायला सांगा.

१३. गावातल्या डॉक्टरांनी आधीच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, सोबत स्टेरॉइडही. गाठ थोडी बसली. आता बायोप्सी कशाला?

स्टेरॉइडने लिम्फोमाही बसतो, काही काळापुरता. आणि बसलेल्या लिम्फोमाच्या बायोप्सीत मेलेल्या पेशींशिवाय काही मिळत नाही. निदान झाल्याशिवाय गाठीसाठी स्टेरॉइड घेऊ नका, याबाबत मी ठाम आहे. घेतलेच असेल तर लपवू नका, तारखेसकट सांगा. टीबीची औषधे मात्र मनाने बंद करू नका, तो निर्णय टीबीच्या डॉक्टरांना घेऊ द्या.

१४. ब्लॉक घेऊन नागपूरला किंवा मुंबईला जायला सांगितलं. ब्लॉक म्हणजे काय, आणि न्यायचा कसा?

ब्लॉक म्हणजे तुमच्या गाठीचा तुकडा मेणात बसवलेला, बोटाच्या पेराएवढा चौकोन. नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यावर पुनःपुन्हा तपासण्या होतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, एम्समध्ये, सेवाग्रामला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे तर ब्लॉक, काचा आणि मूळ रिपोर्ट तिन्ही न्या. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर कोणी मत देऊ शकत नाही.

मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळते. मे महिन्यात चंद्रपूरला सावलीतच ४५-४६ अंश असतात, तेव्हा बंद गाडीच्या काचेमागे किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत किती होत असतील विचार करा. ब्लॉक छोट्या डबीत, कापडात गुंडाळून, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. काचा एकमेकींवर ठेवून रबर लावू नका, लॅबकडून खाचांची प्लास्टिकची डबी मागा.

१५. एका लॅबने श्वानोमा म्हटलं, दुसरीने मायोफायब्रोब्लास्टोमा. खरं कोणाचं?

ओळीने उभ्या केंद्रकांमुळे ही गल्लत पुस्तकी आहे, त्यात कोणी निष्काळजी होतेच असे नाही. प्रश्न १० मधले रंग पाहा: एस-१०० निगेटिव्ह आणि केंद्रकात बीटा-कॅटेनिन असेल तर दुसरी बरोबर. दोन्ही गाठी साध्याच, त्यामुळे तुमच्या उपचारात फारसा फरक पडणार नाही. एक रिपोर्ट ‘साधी’ आणि दुसरा ‘सार्कोमा’ म्हणत असेल तर मात्र तिसरे मत घ्याच.

१६. घरात सिकलसेल आहे. गाठीच्या ऑपरेशनला अडचण येईल का?

ऑपरेशन होते, पण भूल देणाऱ्यांना आधी सांगा. सिकलसेलचे कार्ड, कोणत्याही रंगाचे असो, सोबत न्या. आजार असलेल्या माणसाला उपाशी ठेवून शरीरातले पाणी कमी होऊ देणे, थंडी वाजू देणे धोक्याचे असते, म्हणून सलाईन आणि ऊब लागते. तपासणी कधीच झाली नसेल तर ऑपरेशनआधी करून घ्या.

१७. गाठीवर बिब्बा लावला होता, आता तिथे जखम आहे. तपासणीत फरक पडेल का?

पडतो. बिब्ब्याने कातडी भाजते, जखम पिकते आणि शेजारच्या ग्रंथीही सुजतात. मग जखम रोगाची की बिब्ब्याची, हे कळत नाही. जखम आधी बरी होऊ द्या आणि बिब्बा लावल्याचे सांगा. आम्ही रागावत नाही, आम्हाला फक्त माहिती हवी असते.

१८. बायकोचं गर्भाशय काढलं, तेव्हा ग्रंथीत ‘काहीतरी’ निघालं. तीही अशीच साधी गाठ का?

इथे तीन गोष्टी चकवतात. गरोदरपणात ग्रंथीत गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी सापडू शकतात. बीजवाहिनीसारख्या नळ्या सापडतात. दोन्ही साध्या, पण पसरलेल्या कॅन्सरसारख्या दिसतात. तिसरी गोष्ट वेगळ्या वजनाची आहे: लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस, म्हणजे लसिकावाहिन्यांभोवती स्नायूंसारख्या पेशी वाढण्याचा आजार. तिच्यात एचएमबी-४५ पॉझिटिव्ह येते. ती ग्रंथीपुरतीच असू शकते, पण तोच आजार फुप्फुसातही असू शकतो, म्हणून छातीचा सीटी करून घ्यावा. दम लागत असेल तर लवकर.

१९. ऑपरेशननंतर शेतात कधी जाता येईल? पाय सुजेल का?

एकच ग्रंथी काढली तर पाय कायमचा सुजणे क्वचित. टाक्यांजवळ पाणी साठू शकते, ते बहुधा जिरते. जखम पूर्ण भरेपर्यंत रोवणीच्या चिखलात उतरू नका. आधीपासून पाय सुजत असेल तर (प्रश्न ४ मधला हॅमार्टोमा किंवा हत्तीरोग) ते सर्जनला ऑपरेशनआधीच दाखवा.

२०. खर्चाचं काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनआधी विचारा, नंतर नव्हे. आयएचसीचा खर्च वेगळा येऊ शकतो. सगळे रंग एकदम न करता आधी चार-पाच मोजके करून मग पुढचे ठरवावे, अशी विनंती पॅथॉलॉजिस्टला जरूर करा.

२१. चार वर्षांपूर्वी मायोफायब्रोब्लास्टोमा काढली. आता दुसऱ्या जांघेत गाठ आली. तीच परत आली का?

ही गाठ पूर्ण काढल्यावर क्वचितच पुन्हा होते, झालीच तर बहुधा त्याच जागी, आणि ती शरीरात पसरत नाही. त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या गाठीला जुने नाव चिकटवू नका. तिची तपासणी प्रश्न २ पासून नव्याने सुरू होते: पाय पाहा, सोनोग्राफी, सुई. आणि जुना ब्लॉक लॅबमधून मागवून ठेवा, दोन्ही गाठी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतील.